बोटांच्या रेषा

खैरुद्दीनभाई मूळचे हर्णैचे. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर ते एकोणीस वर्षं शिकारीतली नखं साफ करतायत. परदेशात मारलेल्या सिंहाचं नख भिजवायचं, आतलं हाड सोडवायचं, उरलेलं मांस खरवडायचं आणि औषधात घालून सुकवायचं. मग गळ्यात घालायला त्यावर चांदीची टोपी बसते. हातमोजे ते घालत नाहीत. "मोज्यातून हाड कळत नाही," म्हणतात.

परवा आयडी कार्ड रिन्यू करायला गेले, तर मशीनवर एकाही बोटाचा ठसा उमटेना. औषधानं रेषाच खाल्ल्या होत्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "चाचा, एक महिना हाथ को आराम दो."

आराम मिळणार तो रजेतच. आणि अरबाब, म्हणजे आमचा मालक, म्हणाला, "पहले कार्ड, फिर छुट्टी. खलास." भाईंच्या लेकीचा, फिरदोसचा, निकाह पुढच्या महिन्यात आहे.

मला संताप आला. हातमोज्यांचा नवा जोड मी त्यांच्या टेबलावर आपटला. भाईंनी तो माझ्याकडे सरकवला आणि पुढचं नख उचललं.

"तू घाल," म्हणाले. "तुझ्या रेषा अजून आहेत."