न वाचलेल्या पानाचा संदर्भ

ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात माझ्याच जुन्या लेखाची झेरॉक्स होती. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणारी, आंबेगावातल्या मेंढपाळ घरातली मुलगी. डोंगरकडेची गवताळ रानं आणि मेंढ्यांची चराई, हा तिच्या शोधनिबंधाचा विषय. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर मंचरला राहतात, एवढ्या माहितीवर तिनं माझं घर शोधलं होतं.

"सर, एकाच ठिकाणी अडलंय," ती म्हणाली. "मेंढ्यांच्या चराईमुळं इथलं गवत संपलं, असं तुम्ही लिहिलंय. खाली जुन्या सरकारी अहवालाचा संदर्भ आहे, पान क्रमांकासकट. तो अहवाल मी जुन्नरच्या ग्रंथालयात पाहिला. त्या पानावर रोपवाटिकेतल्या रोपांचा तक्ता आहे."

मी तिच्या हातून झेरॉक्स घेऊन खालची तळटीप पाहिली.

"मी रानं हिंडून पाहिली. मेंढ्या चरतात तिथं गवत टिकून आहे. पण मार्गदर्शक म्हणतात, सगळ्यांनी या अहवालाचा आधार घेतलाय. आधी तो खोडून दाखव, नाहीतर तुझा निष्कर्ष काढून टाक. त्याशिवाय ते सही करणार नाहीत."

"आवृत्ती वेगळी असेल," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. "हे माझ्याच लक्षात यायला हवं होतं," असं म्हणून ती निघून गेली. ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

खरं असं होतं. तो मजकूर मी दुसऱ्याच कुणाच्या लेखात वाचला होता आणि त्याखाली त्या अहवालाचा उल्लेख होता. खात्री करायला मी एस.टी.नं जुन्नरला गेलोही होतो. कपाटाला कुलूप, किल्ली ग्रंथपालांकडे आणि ग्रंथपाल पुतण्याच्या लग्नाला. "सोमवारी या," शिपाई म्हणाला. सोमवारी मी गेलो नाही. लेख पाठवायची घाई होती. ज्याच्या लेखातून घेतलं त्याचं नाव गाळलं आणि अहवाल जणू स्वतः उघडून वाचला अशा थाटात पान क्रमांकासह खाली लिहून दिला. आमच्यात हे सर्रास चालायचं. मूळ साधनांची यादी लांबली की लेखाला वजन येतं, असा समज होता. पुढं इतरांनी माझ्या लेखातून तोच संदर्भ उचलला, त्याच पानासह.

दुसऱ्यांदा ती आली ती वडिलांच्या मोटारसायकलवर, त्यांच्या मागं बसून. पुन्हा जुन्नर, मग अवसरीचं इंजिनिअरिंग कॉलेज, मग पुणे, सगळीकडं विचारून झालं होतं. दुसरी आवृत्ती निघालीच नव्हती. अख्ख्या अहवालाचे फोटो तिच्या मोबाईलमध्ये होते.

"यात मेंढी हा शब्दच नाही, सर. तुम्ही पाहिलेली प्रत कुठं होती, आठवतंय का? पुढच्या आठवड्यात निबंध द्यायचाय."

वडील चहा बशीत ओतत हसले. "सर, आमच्या मेंढरांनी डोंगर खाल्ला म्हनं? डोंगर हाय तिथंच हाय राव. मेंढरंच निम्मी ऱ्हायली."

"आबा, गप बसा ना."

"का? सरांनी लिवलंय म्हनल्यावर इचारायला नगं? आमाला तर ढेकर बी आला न्हाई."

तीही हसली आणि पुन्हा माझ्याकडं पाहू लागली. 'आता आठवत नाही' हे तीन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. या वयात ते कुणालाही खरे वाटले असते. ती आभार मानून गेली असती आणि घरी जाऊन तिनं स्वतःचा निष्कर्ष खोडला असता. माझ्या कपातल्या चहावर साय धरली होती.

"मी तो अहवाल पाहिलाच नव्हता," मी म्हणालो.

वडिलांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी? न बघताच लिवलं?"

"हो."

"आन मागं पोरीला काय सांगितलं व्हतं? वेगळी आवृत्ती का काय ती?"

"तेही खोटं होतं."

"लई हिंडली हो ती," ते हळू आवाजात म्हणाले. हसू पार मावळलं होतं.

ती मात्र चिडली नाही. वही काढून तिनं विचारलं, "हे तुमच्या तोंडचं म्हणून लिहू? लेखकाशी प्रत्यक्ष बोलणं, असं?"

"लिही. नावासकट लिही."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मार्गदर्शक ऐकायला तयार नव्हते. छापून आलेलं विधान घरातल्या बोलण्यानं खोडता येत नाही. कुणालाही शोधून वाचता येईल असं काही दाखव, असं त्यांचं म्हणणं. मुदत वाढवून दिली होती, पण सही थांबवली होती. मला त्यांचा राग आला नाही. माझ्या लेखाच्या वेळी असं अडवणारं कुणी असतं तर बरं झालं असतं.

म्हणून हे मासिकात छापायला देतो आहे. मेंढ्यांमुळं गवत संपलं, हे माझं विधान निराधार होतं. त्याखालचा अहवाल मी उघडलेला नव्हता. ज्यांनी माझ्यावर विसंबून तो संदर्भ दिला, त्यांनी तो काढून टाकावा.

हा मजकूर आता तिला संदर्भसूचीत घालता येईल. पान क्रमांक मात्र तिनं मला फोन करून विचारू नये. अंक हातात आल्यावर, पान उघडून, स्वतः पाहून लिहावा.