धोंडाकाकूंची अर्धी हाळी

कापूरहोळच्या फाट्यावर अजून सांगतात की भाटघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत धोंडाबाई नावाची बाई आहे, तिला दुसऱ्या लाटेत करोना झाला, आणि तिनं दवाखान्यात खाटेवर उठून बसून अशी हाळी मारली की करोना तिथल्या तिथं पळाला. सांगणारा गोरख असला तर हाळीनं खिडकीची काचसुद्धा फुटते. गोरख नसरापूरहून वरच्या वाड्यांना जीप मारतो आणि बोलतानाही गिअर बदलतो. बाई उठली, हा पहिला. बसली, हा दुसरा. आन् जी वराडली, जी वराडली, इथं त्याचा डावा हात खरंच पुढं जातो, डाक्टर भिंतीला चिकटला.

सगळं खोटं. मी त्याच वाडीतली, काकूंच्या दाराला दार लागून आमचं घर. त्या दिवशी काकूंना "पाणी दे" एवढं म्हणायलाही मधे थांबावं लागत होतं. दवाखान्यात ओरडलं कोणी असेल तर ते खुद्द गोरखच, फाटकावर, खाट मिळेना म्हणून. काच मात्र फुटली होती. ती जीपची, मागं घेताना.

पण अफवेला पाय फुटले ते काकूंच्या हाळीमुळं, हे मान्य केलं पाहिजे. काकूंच्या पाच म्हशी दिवसभर डोंगराच्या पलीकडच्या उताराला चरतात आणि दुपारी खाली धरणाच्या पाण्यात जाऊन बसतात. संध्याकाळी काकू खिंडीत उभ्या राहायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि एकाच दमात "येऽऽऽ गं चंद्रेऽऽऽ" अशी हाळी घालायच्या. चंद्री ही पुढारी म्हैस. ती उठली की बाकीच्या उठतात. हाळी पाण्यावरून पलीकडच्या काठाला जायची आणि तिथल्या बाया चुलीवर चहा ठेवायच्या. मला वाडीतल्या सगळ्यांचे आवाज काढता येतात, सरपंचांचा तर त्यांच्या खोकल्यासकट, पण काकूंच्या हाळीला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

तर करोना. आधी ताप आला, अंग मोडून आलं, भाकरीची चव गेली. आशाताईंनी निजून राहायला सांगितलं. काकू निजल्या. पुढच्या आठवड्यात ताप उतरला आणि काकूंनी अर्धी भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. इथं घोळ झाला. आमच्याकडं जनावर आजारी पडलं की त्याच्या जबड्याकडं बघतात. रवंथ करायला लागलं की ते बरं झालं, मग डॉक्टर नाही आणि औषध नाही. काकूंनी तोच हिशोब स्वतःला लावला. रोहिदासदादा, म्हणजे त्यांचा मुलगा, आडवा आला, तर त्याला म्हणाल्या, "रवंथ सुरू झालाय माझा, सरक." आणि म्हशींच्या मागं डोंगर चढल्या.

संध्याकाळी हाळी आलीच नाही. म्हशी आपल्या पाण्यात बसून राहिल्या. दादा पळत वर गेला तर काकू खिंडीत दगडाला टेकून बसलेल्या, ओठ जांभळट पडलेले, आणि वर त्यालाच विचारतायत की तू असा का धापा टाकतोयस. आशाताईंनी बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमटं लावलं. आकडा ऐंशीच्या आसपास. ताईंनी चिमटं काढून पुसलं, दुसऱ्या बोटाला लावलं. आकडा तोच. मग गोरखची जीप.

दवाखान्यात डॉक्टर वैष्णवी मॅडम होत्या. त्या इतक्या सावकाश बोलतात की त्यांची नक्कल करताना मलाच झोप येते. दादानं फोन चालू ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मॅडमनी सांगितलं की ताप उतरला म्हणजे आजार संपला असं नसतं. पहिल्या आठवड्यात विषाणू अंगात वाढतो आणि शरीर त्याच्यावर आपली फौज सोडतं. बहुतेकांच्यात फौज काम उरकून माघारी जाते. काहींच्यात ती माघारी जातच नाही. विषाणू ओसरायला लागलेला असतो, पण फौज खवळलेलीच, आणि ती फुप्फुसातच धुमाकूळ घालते. सूज येते, पाणी भरतं, हवा आत गेली तरी रक्तात उतरत नाही. म्हणून ऑक्सिजन लावायचा, पालथं निजवायचं, आणि फौजेला आवरायला स्टिरॉइड द्यायचं.

काकूंनी मास्क बाजूला केला. "म्हंजी औषीद... आजाराला न्हाई. मलाच आवराया?"

"हो आजी, आता तुम्हालाच."

आजी म्हटलेलं काकूंना आवडलं नाही, पण भांडायला दम नव्हता. त्यांनी एकेक शब्द करत मॅडमना आमच्या वाडीतल्या एका कुत्र्याची गोष्ट सांगितली. गोठ्यात बिबट्या शिरला, कुत्रं असं चवताळलं की बिबट्या मागच्या मागं पळाला, पण कुत्रं काही थांबेना. त्यानं सकाळपर्यंत घरचीच शेरडं फाडली. मॅडम म्हणाल्या, अगदी हेच. दादानं मग हुशारी केली. हेच औषध पहिल्या दिवशी दिलं असतं तर आईला त्रास झालाच नसता, असं त्याचं म्हणणं. मॅडमनी तितक्याच सावकाश विचारलं की बिबट्या गोठ्यात असताना कुत्र्याला कुणी साखळी घालतं का. दादा गप्प. दादा गप्प झाल्याचा आवाजही मला काढता येतो, नाकातून निघतो तो.

काकू घरी आल्या तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. अंगावर लुगडं राहत नव्हतं, उंबरा ओलांडला की बसायला लागायचं. छातीचा फोटो हळूहळू साफ होत होता, पण फुप्फुसं झालेली पडझड दुरुस्त करायला महिने घेतील, असं मॅडमनी बजावलं होतं. इतके महिने दादाकडं नव्हते. तो शिरवळच्या कंपनीत पाळीवर जातो, म्हशींना वेळ देणार कोण? त्यानं सरळ सांगितलं की दसऱ्यापर्यंत आई खिंडीतून म्हशी माघारी आणू शकली तर ठीक, नाहीतर पाचही विकायच्या. काकूंनी तोंड भिंतीकडं केलं. आजारपणात एकदाही रडल्या नव्हत्या, त्या दिवशी रडल्या.

तोवर खिंडीत जायचं काम मी घेतलं. काकूंची हाळी हुबेहूब, "चंद्रे"वरच्या गिरकीसकट. पहिल्या दिवशी पाचही म्हशी धावत वर आल्या, माझ्याकडं बघितलं, आणि चंद्रीनं असा सुस्कारा सोडला की मला वाईट वाटलं. काकू हाळीनंतर प्रत्येकीला मूठभर सरकी चारायच्या. ते मला माहीत नव्हतं, माझे हात मोकळे. आठवड्याभरात म्हशींनी मला ओळखलं. नंतर मी घसा फाडला तरी त्या नुसते कान हलवायच्या, आणि मी काठी घेऊन खाली उतरायची.

काकूंचं वेगळंच चाललं होतं. मॅडमनी दमाचे व्यायाम दिले होते: नाकानं श्वास घ्या, ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. काकूंना रिकाम्या हवेवर दम घालवणं पटेना. त्या गोठ्यात जाऊन बसायच्या आणि सोडलेल्या दमावर हाळी घालायच्या. आधी नुसतं "ये". मग श्वास. मग "चंद्रे". भांड्याला भांडं लागावं एवढाच आवाज. दोन्ही वेळच्या धारेला हेच, आणि प्रत्येक खेपेला सरकीची मूठ.

भादव्यात तपासणीला गेल्या तेव्हा मी सोबत होते. मी मॅडमना विचारलं की आता काकूंना करोना पुन्हा होणारच नाही ना. होऊ शकतो, म्हणाल्या. रक्तातली तयार हत्यारं महिन्या-महिन्यानं कमी होत जातात. पण शरीरात काही पेशी आठवण धरून बसलेल्या असतात. तोच शत्रू परत आला की त्या पहिल्यापेक्षा लवकर कामाला लागतात, आणि लस घेतली की ती आठवण आणखी पक्की होते. काकूंनी तिथंच बाही वर केली. लस बाहेरच्या खोलीत होती.

नवरात्रात एका दुपारी काकूंनी काठी उचलली. मी मागं, दादा मागं, आणि भाडं नसलेला गोरखही मागं. काकू पाचदहा पावलं चालायच्या, थांबायच्या, डोंगराला चार शिव्या घालायच्या, पुन्हा चालायच्या. खिंडीत पोचलो तर म्हशी खाली पाण्यात, नाकं तेवढी वर. दादाचं तोंड म्हशी विकल्यासारखंच झालं होतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, काकू, तुमचा तो अर्धा आवाज पाण्यापर्यंत पोचायचा नाही, मी घालते हाळी, तुमचीच आहे, जुनी, अख्खी. आज तुम्ही शेजारी उभ्या आहात म्हटल्यावर चंद्री येणारच.

काकू म्हणाल्या, "लाव पैज. हारलीस तर दिवाळीपतुर माझ्या गोठ्यातलं शेण तू काढायचं. आन् ते बी कुणाचा आवाज न काढता."

मी छाती भरून घेतली. अशी हाळी मी जन्मात घातली नव्हती. पलीकडच्या काठावर एक बाई खरंच दारात आली. चंद्रीनं एक कान हलवला.

मग काकू. "ये." थांबल्या. श्वास घेतला, तो आम्हाला ऐकू आला. "चंद्रे." मला वाटलं, हे आपल्यालाच जेमतेम ऐकू आलं.

चंद्री पाण्यातून उठली. तिच्या मागं चौघी, अंगावरून पाणी निथळत, सरळ चढाला लागल्या. काकूंनी कनवटीला खोचलेली सरकीची पुरचुंडी सोडली. दादानं दोनदा नाक ओढलं आणि दावी घ्यायला खाली पळाला. गोरखनं मात्र लगेच सांगायला सुरुवात केली की बाईनं अशी हाळी घातली, अशी हाळी घातली, आणि गिअर टाकला.

शेण काढायचं मला काही वाटत नाही. पण रोज सकाळी गोठ्यात काकू समोर बसून मुद्दाम सरपंचांसारख्या खोकतात, आणि मला तोंड मिटून पाटी उचलावी लागते.