आतून न उघडणारं दार

काल ह्यांच्याबरोबर मुलाच्या गाडीत मागे बसले, तर उन्हाने तापलेल्या सीटचा वास आला आणि मी थेट साठच्या दशकात, राजाजीनगरातल्या माझ्या माहेरी जाऊन पोचले.

त्या दिवशी मला पाहायला मंडळी यायची होती, आणि आमचे वडील व्हरांड्यात मित्रांबरोबर पैसे लावून रमी खेळत होते. तेवढ्यात दारात पोलिसांची गाडी थांबली. पत्ते उधळून सगळे मागच्या भिंतीवरून पसार झाले.

गाडी पोलिसांचीच, पण निवृत्त झालेली. मधे तिने एका सिनेमात काम केलं होतं, म्हणून माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी ती हौसेने विकत घेतली होती. दारावरची अक्षरं पुसायचा त्यांना धीर होत नव्हता. "अहो, थांबा, आम्ही पाहुणे!" असं ओरडत ते वडिलांच्या मागे धावले आणि सासूबाई त्यांच्या मागे.

मी उप्पिट्टू ढवळायचं सोडून बाहेर आले. मागच्या सीटवर एक तरुण घामाघूम होऊन बसला होता.

"हे दार बाहेरूनच उघडतं," तो खिडकीतून म्हणाला. "स्वल्प उघडता का?"

"आधी सांगा, काय केलंत तुम्ही?"

"अजून काहीच नाही. मुलगी पाहायला आलोय."

मी दार उघडलं. तेव्हा नाकात शिरला तो हाच वास.

काल घर आल्यावर मी उतरले आणि वळून पाहिलं, तर हे आत तसेच बसलेले.

"अहो, हे दार आतून उघडतं."

"माहितीय," म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.