आमचा रॉकवाला

गिटार गळ्यात अडकवली की तो माइकजवळ यायचा, केस मागे सारायचा आणि विचारायचा, "जेवलात मा सगळे?" शहरातल्या पोरांना ती गंमत वाटे. पण तो खरंच विचारत असे. तुम्ही त्याच्या कार्यक्रमाला गेला असाल तर पाहिलं असेल, तिकिटासोबत प्रत्येकाकडून शेरभर तांदूळ घेतले जायचे. एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी ते तो स्वतः पोचवायचा.

मी तोंडवलीच्या उपकेंद्रात नर्स, आणि तो आमच्याच वाडीतला. रॉक म्हणजे काय, ते आमच्या वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचे वडील म्हणत, "ह्याच्या गाण्यान एक बरा झाला. माकडां बागेत येवची बंद झाली."

वादळाची सूचना आली त्या दिवशी गोव्यात त्याचा मोठा कार्यक्रम होता. कार्यक्रम सोडून तो स्पीकर लावलेला टेम्पो घेऊन आला आणि किनाऱ्यावरची घरं रिकामी करून माणसं शाळेत हलवायला लागला. दुपारी स्पीकर भिजून बंद पडला. मग तो नुसत्या गळ्याने ओरडत घरोघर फिरला. त्या वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. त्याचा मात्र चार घरं पलीकडे जात होता.

एक म्हातारी उंबरा सोडेना. "माजा घर टाकून मी खंय जाव?"

"आये, घर परत बांधूक येता. तुका परत बांधूक येवचा नाय."

तिला पाठीवर घेऊन त्याने शाळेत आणलं. सकाळी तिच्या घराच्या जागी नुसती वाळू होती.

शाळेतली सगळी माणसं वाचली. त्याच्या घशातून मात्र रक्त आलं. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दुसऱ्याच दिवशी तो धान्यवाटपाला उभा राहून फाटक्या आवाजात एकेकाचं नाव पुकारत होता.

"गप रव रे. गळो जातलो तुजो," मी म्हटलं.

"सिस्टर, नावान हाक मारल्याशिवाय कोण फुडे येना नाय. मागूक लाज वाटता त्यांका."

गळा गेलाच. शस्त्रक्रियेनंतर कुजबुज तेवढी उरली. गिटारी त्याने मित्रांना देऊन टाकल्या. एकदा धीर करून मी विचारलं, वाईट वाटतं का.

"वाटता," म्हणाला. एवढंच.

गेल्या पावसाळ्यात दूरच्या एका गावावर दरड कोसळली. ताडपत्र्यांचे गठ्ठे घेऊन तो निघाला, तो अजून परतलेला नाही. कसालच्या एसटी थांब्यापर्यंत मी सोडायला गेले होते. एसटीचं इंजिन घरघरत होतं. "खंयचा तिकीट?" कंडक्टरने दोनदा विचारलं, पण उत्तर त्याला ऐकू जाईना. तेव्हा हा वाकला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन गावाचं नाव सांगितलं.