बाईचं म्हणणं कोण मांडणार?

आम्ही निघालो त्या सकाळी आई कळवणच्या स्टँडपर्यंत आलीच नाही. दारातच म्हणाली, "मागं वळून बघू नका गं. लोक बघत्यात." ताईच्या हातात पत्र्याची पेटी, माझ्याकडं भाकरीचं गाठोडं. वस्तीतली सगळी दारं उघडी, आणि एकाही दारातून 'नीट जा' नाही.

का? तर पंचांनी ठरवलेल्या लग्नाला ताई नाही म्हणाली. तेही तिला पंचांसमोर म्हणू दिलं नाही. आमच्या जातपंचायतीत बाई बोलत नाही; तिचं म्हणणं बापानं नाहीतर भावानं मांडायचं. बाप मेलेला, भाऊ नाही. म्हणजे म्हणणंच नाही! घर वाळीत. वस्तीतल्या लोकांनो, तुम्ही तिथं मांडी घालून बसला होतात. हे तुम्हालाच लिहितेय; आणि वस्ती सोडून नाशकात जात लपवत जगणाऱ्यांनाही.

नाशकात सातपूरला एक खोली. मी कंपनीत पॅकिंगला, फर्स्ट शिफ्ट. ताई लॉ कॉलेजला. मग वकिली, परीक्षा, आणि जज. आमच्या जमातीतली पहिली बाई जज. कोर्टात बाईच्या आधी तिचा बाप बोलायला लागला की ताई म्हणते, "तुम्ही बसा. त्या बोलतील." मागच्या बाकावरून मी ऐकलंय.

आई मात्र आमच्याकडं राहायला आली नाही. "घराला कुलूप लागलं तर म्हणतील, पळाली." बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, मी त्याची पत्रकं वाटत फिरते; पण आईनं पोलिसांत जबाब दिला नाही. दहा वर्षं तिच्याशी कोणी बोललं नाही. फोनवर म्हणायची, "तू नुसती बोल गं, मी ऐकते."

ती गेली तेव्हा आम्ही भाड्याच्या गाडीनं पोचलो. सोबत ताईच्या कोर्टातला शिपाई. खांद्याला वस्तीतला एक माणूस नाही. मोठे पंच आले. ताई समोर उभी, पण त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आमची नावंही माहीत नसलेल्या ड्रायव्हरला म्हणाले, "पाव्हणं, हिला विचारा, माफी मागती का. मागितली तर माणसं खांदा देतील."

ड्रायव्हर बावचळला. "अहो, मला काय विचारता? मॅडम हितंच उभ्यात की!"

"बाईशी आम्ही बोलत नाय."

ताई पंचांकडं बघत म्हणाली, "नाही मागत." आणि तिरडीचा पुढचा बांबू उचलला. शेजारी मी. मागं शिपाई आणि ड्रायव्हर. दारं तेव्हाही उघडीच होती.

आता वस्तीच्या तोंडाशी फ्लेक्स लागलाय म्हणे. ताईचा फोटो, 'आमच्या वस्तीची लेक', खाली हात जोडलेले पंच. सत्काराचं बोलावणंही आलं. कुणाला? गाडीवरचा नंबर टिपून त्याच ड्रायव्हरच्या फोनवर! "मॅडमना सांगा."

ताई येणार नाही. मी येणार आहे. घर कुठलं विचारलं की अजून माझं बोट कळवणकडंच जातं, याचीच चीड येते. आईच्या कुलूप लावलेल्या दारासमोर उभी राहून बोलणार आहे, आणि तुम्ही ऐकणार आहात.

ड्रायव्हर गाडीतच बसेल.