कुशाबाचा सदरा

वारूळवाडीच्या लंकाबाईचा कुत्रा रडायला लागला की आख्ख्या आळीचा जीव खालीवर व्हायचा. भुंकणं निराळं आणि हे निराळं. तिनं दाराला कुलूप लावायचा अवकाश, आत लाल्या गळा काढायचा, दार ओरबाडायचा, गोधडीच्या चिंध्या करायचा. संध्याकाळी ती खुरपणीवरून परतेपर्यंत हेच.

बाहेर मोकळा सोडायची सोय नव्हती. दोन हजार एकचं साल, उसात बिबट्यानं ठाण मांडलेलं, भरदुपारी तो वस्तीवरची कुत्री उचलत होता. आणि लाल्या तर तिच्या मालकाचा, कुशाबाचा लाडका. कुशाबा वारला त्या आठवड्यातही तो असाच रडला होता. शेजारची धोंडाबाई ते विसरली नव्हती.

"लंके, ह्ये रडणं लई वंगाळ. आधी कुशाबा गेला, आता कुनाचा नंबर? ओझरला सोडून ये त्याला. देवाच्या दारात कुनीबी तुकडा टाकंल."

"माझाच नंबर आसंल. तुला कशाला घोर?" लंकाबाई फणकारली. पण मनातून तीही टरकली होती. चार दिवस तिनं आज-उद्या केलं, आणि शेवटी ती कबूल झाली.

ओझरला जायची जीप ठरवायला ती नारायणगावच्या बाजारात गेली. एरवी रानात जाताना ती लुगड्यावर कुशाबाचा जुना सदरा चढवायची. उसाची पानं हात चिरतात, म्हणून सगळ्याच बाया नवऱ्याचे सदरे घालतात. बाजाराला सदऱ्याचं काय काम? तो खुंटीवरच राहिला.

परतली तर धोंडाबाई वाटेतच उभी. "आज काय आवाज न्हाई गं. मेलं का काय त्ये?"

लंकाबाईनं घाईघाईनं कुलूप काढलं. दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. सदरा खुंटीवरून खाली ओढलेला होता आणि त्याच्या बाहीत तोंड खुपसून लाल्या गाढ झोपला होता. गोधडी जिथल्या तिथं. तिची चाहूल लागली तशी त्यानं शेपटी हलवली, पण बाहीतून तोंड काही काढलं नाही.

ती त्याच्याशेजारी बसली. तिनं सदरा नाकाशी नेला. तिला नुसता घामाचा आणि मातीचा वास आला. किती वेळा धुतलेला तो सदरा! त्यात या मुक्या जिवाला अजून कुशाबा सापडत होता. आणि ती रोज तोच अंगावर घालून निघून जायची. म्हणजे लाल्याच्या लेखी घरातली दोघंही एकदमच जात होती. हे आज तिच्या ध्यानात आलं. देवळात हात जोडताना वाटतं तसं तिला त्या कुत्र्यापुढं वाटलं.

जीप काही आली नाही, कारण तिनं माणूस पाठवून नको म्हणून कळवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती उघड्या हातांनी उसात शिरू लागली. कोपरापर्यंत ओरखडे, वर घामाची आग. सोबतच्या बायांना राहवेना.

"लंकाबाय, सदरा इसरलीस व्हय गं?"

"इसरंन कशी?" खुरपं न थांबवता ती म्हणाली. "मालक आता घरीच बसत्यात. लाल्याला करमत न्हाई त्यांच्याबिगर."