वळण दिसते

आमच्या खोऱ्यात पाऊस संपल्यापासून पहिला बर्फ पडेपर्यंतच्या दिवसांना उघडीप म्हणतात. इतरत्र उघडीप म्हणजे पावसाने घेतलेली घटकाभराची विश्रांती. आमच्याकडे तो एक स्वतंत्र ऋतूच आहे. त्या दिवसांत सूर्य पूर्वेच्या कड्यावरून साडेनऊपर्यंत डोके वर काढत नाही. तोवर सगळे खोरे झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखे निळसर आणि गार पडून असते. बादलीतल्या पाण्यावर सायीइतका पातळ बर्फ धरतो. अक्रोडाचे पान गळले तर ते जमिनीवर टेकल्याचा आवाज येतो. वरच्या कुरणांतली गुरे खाली आलेली असतात, गवताच्या गंजी लागलेल्या असतात, आणि चुलींचा धूर वर न जाता छपरांच्या उंचीवर आडवा पसरतो. मग एका दुपारी खिंडीवर ढग बसतो तो उठतच नाही. मग बस येत नाही. ती एकदम साडेचार महिन्यांनी येते.

यंदाची उघडीप किती दिवस टिकली, हे अधिकाराने सांगणारी एकच व्यक्ती खोऱ्यात होती. ती माझी आत्या. सबंध खोरे तिला आत्याच म्हणे, आणि पाठीमागे पाराआत्या. तिच्या अंगणात चार खांबांवर झडपांची एक पांढरी पेटी होती. त्या पेटीत दोन तापमापक होते. रोज सकाळी ठीक आठ वाजता पेटी उघडून ती पारा वाचायची, वहीत लिहायची आणि महिन्याच्या शेवटी तक्ता टपालाने हवामान कार्यालयाला पाठवायची. “आत्याचा पारा कधी चढत नाही, कारण तो पेटीत कुलूपबंद असतो,” हा गिरणीवाल्याचा जुना विनोद होता. तो ऐकून आत्याचा पारा नेमका चढायचा.

वहीत तापमानापुढे एक रकाना होता: किती लांबचे दिसते. त्यासाठी चार खुणा ठरलेल्या होत्या. अंगणातले अक्रोडाचे झाड, त्यापुढे पूल, त्यापुढे गिरणीचे लाल छप्पर, आणि सर्वांत लांब, दोन किलोमीटरवर, खिंडीकडे चढणाऱ्या रस्त्याचे वळण. ज्या दिवशी वळण दिसे, त्या दिवशी हवा स्वच्छ. वहीच्या पहिल्या पानावर सूचना छापलेल्या होत्या आणि त्यांतल्या दोन आत्याला पाठ होत्या. एक, न पाहिलेले लिहू नये. दुसरी, चूक झाल्यास खोडू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी सही करावी. पहिल्या सूचनेचा वापर ती वहीबाहेरही करी. कुणी शेजारीण अमक्याच्या सुनेविषयी कुजबुजू लागली, की आत्या विचारायची, “पाहिलंस का? नाही ना? मग लिहू नये.”

खरे तर ती वही तिची नव्हतीच. ती माझ्या वडिलांची होती. हवामानाची नोंद ठेवण्याचे काम आधी त्यांच्याकडे होते. एकतीस वर्षांपूर्वी, उघडिपीच्या अखेरीस, त्यांनी शहरात नोकरी धरली आणि आईला व मला घेऊन ते शेवटच्या बसने निघाले. मी तेव्हा बारा वर्षांची होते. निघताना त्यांनी वही आत्याच्या हातात दिली. “ताई, एवढा हिवाळा सांभाळ. पुढच्या उघडिपीला येतोच,” ते म्हणाले. “आणि वळण दिसलं की मी दिसलो असं समज.” वळणावर त्यांनी बस थांबवायला लावली, खाली उतरले आणि गळ्यातला मफलर काढून हलवला. मग मला खिडकीशी ओढून म्हणाले, “ती बघ ताई, पेटीपाशी उभी आहे. हात करतेय. दिसली ना?” मी म्हटले, “हो.”

बाबा त्यानंतर सहा-सात वेळा आले, पाहुण्यासारखे. वही परत घ्यायला कधी आले नाहीत. नंतर तेवढे येणेही थांबले. नोकरी, माझे शिक्षण, आईचे आजारपण, स्वतःचे गुडघे. शेवटचे आले त्याला आता अकरा वर्षे झाली. आत्याची पत्रे मात्र दर उघडिपीला येत. त्यांत ख्यालीखुशाली नसे. “किमान दोन, कमाल तेरा. वारा नाही. वळण दिसते. ये.” बाबा ते पत्र उशाशी ठेवीत आणि उत्तर लिहीत: पुढच्या उघडिपीला नक्की.

यंदा पावसाळ्याच्या अखेरीस बाबा न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. आता डोंगर चढणे नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. बाबा अडुसष्ट वर्षांचे, आत्या चौऱ्याहत्तर. ही उघडीप हुकली, तर पुढची दोघांच्या वाट्याला येईलच असे नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता. बाबा मला एवढेच म्हणाले, “खिंड बंद व्हायच्या आत तिला घेऊन ये. मला तिला एकदा बघायचंय.”

मी मंगळवारच्या बसने पोचले. त्यानंतर गुरुवारची एकच बस उरली होती. मी कुणाकडे निघाले आहे हे कळताच ड्रायव्हर खूष झाला.

“आत्यांना सांगा, तुमच्यासारखी नजर मला द्या. मागच्या वर्षी धुक्यामुळे मी खिंडीतनं बस परत फिरवली. पुढच्या खेपेला आत्या मला म्हणतात, का रे आला नाहीस, वळण तर स्वच्छ दिसत होतं! त्यांना दिसतं तेवढं मला दिसलं असतं, तर मी झोपेत गाडी चालवली असती.”

मीही हसले. त्या हसण्याची मला पुढे लाज वाटली.

आत्या दारातच उभी होती. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी जवळ आणला.

“वाळलीस.”

“आत्या, बाबांनी तुला न्यायला पाठवलंय.”

“त्याला स्वतःला यायला काय झालं?”

“खुब्याचं हाड मोडलंय गं. पत्रात लिहिलं होतं मी.”

“वाचलं ते. हाडही वाचलं नि तुझं अक्षर किती बिघडलंय तेही वाचलं. भिंग लावून वाचलं, तरी मुंग्याच चालल्यासारख्या वाटल्या.”

जेवण झाल्यावर मी पुन्हा विषय काढला. ती भांडी पुसत होती. पुसून झालेले भांडे पुन्हा पुसू लागली.

“वही कोण लिहिणार?”

“गिरणीवाले काका लिहितील की.”

“तो?” आत्या उठली, कपाटातून एक जुनी वही काढली आणि बोटाने चाचपत बरोबर ते पान उघडले. “मला ताप आला होता तेव्हा तीन दिवस दिली होती त्याच्याकडे. बघ. किमान चार, कमाल चौदा, आणि पीठ पावशेर.” पानावर खरोखरच पिठाळ बोटांचे पांढुरके ठसे होते. मला हसू आवरेना, तिलाही. मग ती एकदम गंभीर झाली. “तुझ्या बापाला सांग, ज्याची वही त्यानं येऊन घेऊन जावी. मी काय अडवलंय? एक हिवाळा म्हणाला होता. एक हिवाळा एवढा लांब असतो होय?”

तिने दिवा मालवला.

सकाळी आठला पाच मिनिटे कमी असताना ती अंगणात उतरली. मी शाल गुंडाळून मागे उभी राहिले. पेटी उघडून, भिंग डोळ्याशी आणि डोळा काचेशी नेत तिने आकडा वाचला: एक पूर्णांक दोन. मी वाकून पाहिले. अचूक. तो तिने वहीत उतरवला. मग ती ताठ उभी राहिली, खिंडीकडे तोंड केले आणि पाढे म्हणावेत तशी म्हणाली, “झाड दिसतं. पूल दिसतो. गिरणी दिसते. वळण...” इथे ती जरा थांबली, जवळच्या माणसाचे नाव घेण्यापूर्वी थांबावे तशी. “वळण दिसतं.”

आणि तिने ते लिहिले.

माझ्यासमोर धुके पुलाच्या अर्ध्यापर्यंत आले होते. त्यापलीकडे गिरणी नव्हती, रस्ता नव्हता, डोंगरही नव्हता.

“आत्या, पूलसुद्धा अर्धाच दिसतोय.”

“पहाटे होतं धुकं. आता निवळलं.”

“नाही निवळलेलं.”

“तुझे डोळे शहरातले. धूर बघून बघून...”

तेवढ्यात पुलाच्या दिसेनाशा टोकाकडून खोकल्याचा आवाज आला आणि गिरणीवाला धुक्यातून एकेक अवयव बाहेर काढत आल्यासारखा प्रकट झाला. “आत्या, काय हे धुकं! पुलावर माझाच पाय मला दिसेना. म्हटलं, पाय घरी विसरलो की काय!”

आत्या त्याच्या आवाजाच्या दिशेने वळली. तिचा चेहरा पाहून त्याचे हसू विरले.

“पण मला दिसतंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “आत्ताही दिसतंय. वळणाच्या खाली पांढरा दगड, त्याच्या डाव्या अंगाला झुडूप.”

कालच मी त्या वळणावरून आले होते. तिथे दगड होता, झुडूप नव्हते. ते तिला सांगावे की नाही, याचा निर्णय करायला मला जितका वेळ लागला, तितका वेळ आयुष्यात फार थोड्या गोष्टींना लागला असेल. पण वही तिच्या हातात होती, आणि वहीचे पहिले पान मलाही लहानपणापासून पाठ होते.

“झुडूप नाहीये आता, आत्या.”

“कधी गेलं?”

मी गिरणीवाल्याकडे पाहिले. त्याने टोपी काढून हातात घेतली. “रस्ता रुंद केला ना, तेव्हाच काढलं. दोन वर्षं झाली की.”

आत्या पायरीवर बसली. भिंग लावून तिने मागची पाने उलटली. त्या वर्षीची, मग गेल्या वर्षीची. वळण दिसते. वळण दिसते. वळण दिसते. बऱ्याच वेळाने तिने पेन्सिल मागितली. त्या दिवसाच्या नोंदीवर एक सरळ रेघ मारली, शेजारी सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: “वळण दिसत नाही. धुक्यामुळे की डोळ्यांमुळे, सांगता येत नाही.”

वही तिने मिटली.

“शहरात डोळ्यांचे डॉक्टर असतील ना गं?”

“आहेत. घरापासून चालत दहा मिनिटांवर.”

“बरं.” मग ती गिरणीवाल्याकडे वळली. “उद्या आठच्या ठोक्याला ये. आणि साबणानं हात धुऊन ये. कोपरापर्यंत.”

गुरुवारी हवा लख्ख होती. गिरणीवाला सदरा बदलून, हात लाल होईपर्यंत घासून आला. आत्याने त्याला तीनदा पारा वाचायला लावला, झडपा कशा लावायच्या ते दाखवले, आणि तरी वही देताना तिची बोटे जराशी उशिरा सुटली. त्याने वही दोन्ही हातांनी घेतली. “काळजी करू नका. आणि वळणावरनं बघा बरं का. मी इथं पेटीपाशी उभा राहून हात करतो.”

बस चढू लागली. वळण येताच आत्याने ड्रायव्हरला हाक मारली.

“थांबव.”

“आत्या, वळणावर थांबायची परवानगी नाही हो.”

“एकतीस वर्षांपूर्वी थांबली होती.”

“तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो.” पण त्याने ब्रेक लावला. “लवकर हं, आत्या. संध्याकाळी ढग उतरणार म्हणतात.”

आम्ही उतरलो. ती पांढऱ्या दगडापाशी उभी राहिली; डाव्या बाजूला, जिथे झुडूप नव्हते तिथे, तिने हात फिरवून पाहिला. मग खोऱ्याकडे तोंड केले.

“बघ आणि सांग. पाहिलेलंच सांग.”

मी डोळ्यांवर हाताची सावली धरली. गवताच्या गंजी, पुलाची रेघ, गिरणीचे लाल छप्पर, पिवळी पडलेली झाडे. “पेटी दिसते. पांढरा ठिपका.”

“आणि तो? हात करतोय?”

मी पुष्कळ वेळ पाहिले. तो तिथे उभा आहे हे मला ठाऊक होते. एवढा वेळ जीव लावून पाहिले, की ठिपक्याशेजारी काहीतरी हलल्यासारखेही वाटू लागले. तेव्हा मला बारा वर्षांची मी आठवले. खिडकीच्या काचेला नाक लावून ‘हो’ म्हणणारी.

“माणूस दिसत नाही, आत्या. एवढ्या लांबून कुणालाच दिसणार नाही.”

खालून वाऱ्याबरोबर कापलेल्या गवताचा वास आला.

“म्हणजे तेव्हा तुझ्या बापाला मी दिसले नव्हते.”

“नाही.”

“शहरात गेल्यावर पहिल्याच पत्रात लिहिलं होतं त्यानं. तू हात करताना अगदी स्पष्ट दिसलीस, म्हणून. ते पत्र आहे माझ्याकडे. आत्ता या पिशवीत आहे.” तिने पिशवी छातीशी धरली. “न पाहिलेलं लिहिलं.”

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. आत्या बसच्या पायरीकडे निघाली, आणि तिच्या चालण्यात मला अचानक घाई दिसली.

“चल लवकर. त्याच्याकडून एक रेघ आणि सही घ्यायची आहे.”

खिंडीत शिरताच दोन्ही बाजूंचे कडे जवळ आले आणि खोरे मागे झाकले गेले. बराच वेळ ती खिडकीला डोके टेकून बसली होती; मला वाटले, डोळा लागला असेल.

“मफलर मात्र दिसला होता मला,” ती म्हणाली. “लाल.”

त्यावर मी रेघ मारली नाही.